उजेड किती खोल जातो?

पत्र: "माझे बाबा ५६ वर्षांचे. इतवारीत त्यांचं किराणा दुकान आहे. पंचवीस वर्षांपासून खर्रा खातात. उजव्या गालात आतून पांढरा-लाल चट्टा आला होता, तिखट लागलं की झोंबायचा. तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला, दीड सेंटिमीटरचा, सुरुवातीचा. डॉक्टरांनी गालाचं आणि सोबत मानेचंही ऑपरेशन सांगितलं, पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. बाबा ऐकायलाच तयार नाहीत. पुण्याच्या आतेभावानं उजेडानं कॅन्सर जाळतात असा व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून एकच घोषा: 'कायले कापाकापी? थो उजेडाचा इलाज करा ना बाप्पा.' हा उपचार खरा आहे का? त्याचा परिणाम वाढवता येतो असंही व्हिडिओत आहे, ते कसं? काकू म्हणतात हळदसुद्धा उजेडात असंच काम करते. बाबांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, हेही सांगून ठेवते. — एक मुलगी, नागपूर"

ताई,

उपचार खरा आहे, भोंदूगिरी नाही. तरीही पंधरा दिवसांनंतरची ती तारीख हातची जाऊ देऊ नका. असं का म्हणते ते समजायला हा उपचार चालतो कसा हे बघावं लागेल. बाबांनाही हे वाचून दाखवा. किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला हिशेब पटतो, आणि हा हिशेबाचाच विषय आहे.

याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, आम्ही डॉक्टर मंडळी नुसतं पीडीटी म्हणतो. एक औषध शिरेतून, तोंडावाटे किंवा मलमातून देतात. अंधारात ते गप्प बसून असतं. गाठीत ते पुरेसं साचलं की तिच्यावर ठरावीक रंगाचा उजेड पाडतात. औषध तो उजेड शोषून घेतं आणि त्यातली ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतं. मग तो प्राणवायू असा खवळतो की लगतची प्रथिनं, पेशीचं आवरण, जे सापडेल ते मोडून टाकतो. पण त्याचा जीव अगदी छोटा. सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात तो संपतो आणि एका पेशीची रुंदीही ओलांडू शकत नाही. म्हणून जिथे औषध, उजेड आणि प्राणवायू तिन्ही एकाच वेळी हजर, तिथेच पेशी मरते. तिघांपैकी एक जरी गैरहजर असेल, तर त्या जागी काहीच घडत नाही. परिणाम वाढवण्याची जी खटपट जगभर चालली आहे, ती या तिघांना एकत्र आणण्याचीच.

कल्पना जुनी आहे. म्युनिकमध्ये १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की अ‍ॅक्रिडिन हा रंग घातलेल्या पाण्यातले पॅरामिशियम नावाचे सूक्ष्म जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. त्याचे प्राध्यापक फॉन टापायनर यांनी १९०३ मध्ये त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेडाचा प्रयोग केला. पुढे कित्येक दशकं विषय मागे पडला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डोअर्टी यांनी तो पुन्हा उभा केला. कॅनडानं १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि अमेरिकेनं १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली. व्हिडिओत कोणी 'नुकताच लागलेला शोध' म्हणत असेल तर तेवढं सोडून द्या.

आता उजेडाकडे वळू, कारण बाबांच्या बाबतीत खरी मेख तिथे आहे. रात्री घरातले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा उजेड पांढरा, पण त्यातला निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकतं आणि लाल तेवढा पार होतो. पीडीटीत बहुधा लाल उजेड वापरतात तो यासाठीच. फोटोफ्रिनला ६३० नॅनोमीटरचा लागतो, टेमोपोर्फिन या दुसऱ्या औषधाला ६५२ चा (नॅनोमीटर हे उजेडाच्या तरंगलांबीचं, म्हणजे रंगाचं माप). निळा उजेड ऊतींत एक मिलिमीटरही धड जात नाही. लाल काही मिलिमीटर जातो, फार तर सेंटिमीटरभर, आणि तोही वाटेत क्षीण होत होत. वर पेशी मेल्या आणि तळाशी चार जिवंत राहिल्या, तर वरून गाल छान भरून येईल आणि खाली कॅन्सर वाढत राहील.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: गाठ किती खोल गेली आहे? रुंदी दीड सेंटिमीटर हे तुम्ही लिहिलंत, खोली लिहिली नाहीत. तोंडाच्या कॅन्सरची अवस्था ठरवताना खोली मोजायची हा नियम २०१७ पासूनच्या वर्गीकरणात आला आहे. पहिल्या अवस्थेत बसायला गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि पाच मिलिमीटरपर्यंतच खोल असावी लागते. बायोप्सीचा तुकडा लहान असला तर त्यावरून पूर्ण खोली कळत नाही, एमआरआयवरून अंदाज येतो.

आणि मान. बाबांचा सगळा राग त्या मानेच्या ऑपरेशनवर असणार. गाल दुखतोय तर मान कशाला, असंच सगळे विचारतात. तोंडाचा कॅन्सर सगळ्यात आधी मानेतल्या लसिका गाठींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, उतरतो, आणि उतरला तरी सुरुवातीला तिथे हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही सुटू शकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण दोन गटांत विभागून याची चाचणी घेतली. एका गटात मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्यात थांबून, गाठ दिसू लागल्यावर काढल्या. २०१५ मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हा आकडा बाबांना शांतपणे, दोनदा सांगा. गालावर पाडलेला उजेड मानेपर्यंत पोचत नाही. पीडीटीनं गाल शंभर टक्के बरा झाला असं मानलं तरी मानेचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

युरोपात टेमोपोर्फिनला, म्हणजे फॉस्कॅनला, डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी २००१ मध्ये परवानगी मिळाली ती कोणासाठी, हेही पाहण्यासारखं आहे. ज्यांचे आधीचे उपचार थकले आणि ज्यांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा केमो देता येत नाही, अशा पुढे गेलेल्या रुग्णांसाठी. बाबांची गाठ अजून पूर्ण बरी होण्याच्या टप्प्यात आहे. धडधाकट वाट समोर असताना शेवटच्या वाटेनं आधी का जायचं?

तुमचा दुसरा प्रश्न परिणाम वाढवण्याचा. तो मला मनापासून आवडला, कारण त्यात बरंच काही खरोखर घडतं आहे, आणि सगळ्यात गमतीचा भाग प्राणवायूचा आहे. साहजिक वाटतं की उजेड जितका प्रखर तितका फायदा जास्त. होतं उलट. झगझगीत उजेडात औषध इतक्या झपाट्यानं प्राणवायू वापरतं की रक्त नवा आणून देईपर्यंत गाठीतला साठा संपतो. त्यानंतर दिवा चालू असतो, पण काम बंद पडलेलं असतं. म्हणून तेवढीच ऊर्जा मंद उजेडानं, जास्त वेळ दिली तर परिणाम चांगला मिळू शकतो, वेदनाही कमी होतात. दुसरी युक्ती मध्ये थांबण्याची. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी त्वचेच्या उथळ कॅन्सरवर एएलए नावाचं औषध लावून आधी थोडा उजेड दिला, दोन तास पट्टी बांधून अंधारात ठेवलं आणि मग उरलेला मोठा हप्ता दिला. एका दमात दिलेल्या उजेडापेक्षा हे सरस ठरलं.

याच प्राणवायूमुळे खर्रा आडवा येतो. दोन बोटं उघडणारं तोंड म्हणजे बाबांना बहुधा सबम्यूकस फायब्रोसिस असावा, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मुख्यतः खर्र्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर तंतूंनी भरून घट्ट होतं, पांढरं पडतं, आणि रोग वाढत गेला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही कमी होतात. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. शिवाय उजेडाची नळी गाठीसमोर सरळ धरायला तोंड उघडायला तर हवं. तिरका पडलेला उजेड एका कडेला जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी मिळतो, आणि कमी पडलेल्या कडेलाच कॅन्सर परततो. हे दोन्ही अडथळे व्हिडिओत दिसले नसतील, कारण त्यातल्या रुग्णांनी बहुधा पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा खाल्लेला नसतो.

औषधाच्या बाजूनं दोन दिशा मला भरवशाच्या वाटतात. एएलए हे साधं रसायन पेशींच्या आतच प्रोटोपोर्फिरिन नावाचा रंग तयार करायला लावतं. कॅन्सरच्या पेशी तो रंग पुढे पचवण्यात मागे पडतात, त्यामुळे तो त्यांच्यात साचतो आणि निळ्या उजेडात लाल चमकतो. चमक किती आहे यावरून औषध पुरेसं पोचलं का कळतं, उजेड दिल्यावर ती विझली तर काम झालं हेही कळतं. आपल्याकडे अलीगढच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी बोस्टनच्या संशोधकांसोबत हेच धरून तोंडाच्या सुरुवातीच्या, लहान गाठींवर काम केलं आहे. महागड्या लेसरऐवजी बॅटरीवर चालणारा एलईडी, आणि चमक पाहायला चक्क स्मार्टफोन. वीज जाणाऱ्या गावातही चालेल असं यंत्र हवं, हा विचार त्यामागे आहे. विदर्भाच्या दृष्टीनं मला हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं. पण ते अभ्यासाच्या टप्प्यावर आहे आणि निवडक उथळ गाठींपुरतं आहे.

दुसरी दिशा जपानची. औषध सगळीकडे पसरू न देता ते कॅन्सरच्या पेशीलाच नेऊन चिकटवायचं. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशींवरचा एक खुंटा ओळखतं. त्याला उजेड पिणारा रंग जोडला आणि दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा उजेड दिला की पेशीचं आवरण फुटतं, शेजारची निरोगी पेशी बऱ्यापैकी वाचते. हिसाताका कोबायाशी यांनी अमेरिकेत ही पद्धत विकसित केली. जपाननं २०२० मध्ये तिला मान्यता दिली, तीही ऑपरेशन करता न येणाऱ्या किंवा परत आलेल्या कॅन्सरसाठीच. खोल गाठीत उजेड पोचवायला सुईवाटे बारीक तंतू आत खुपसतात, म्हणजे 'कापाकापी नाही' हे तिथेही पूर्ण खरं नाही. याखेरीज क्ष-किरणांनी चेतणारे नॅनोकण, पीडीटीनं मेलेल्या पेशी दाखवून रोगप्रतिकारशक्तीला जागं करणं, अशा बऱ्याच गोष्टी चालू आहेत. बाबांच्या पंधरा दिवसांत त्यातलं काहीही इतवारीपर्यंत पोचणार नाही.

समजा पीडीटी झालीच, तर नागपूरकरांनी एका गोष्टीचा विचार करावा: ऊन. शिरेतून दिलेलं औषध कातडीतही उतरतं. फोटोफ्रिननंतर किमान ३० दिवस उन्हात जाता येत नाही. फॉस्कॅननंतर पहिला दिवस पडदे लावलेल्या खोलीत मिणमिणत्या दिव्याखाली काढावा लागतो, आणि पंधरा दिवसांनंतरही उन्हात हळूहळूच परतायचं असतं. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण इथे त्रास देतो तो साधा दिसणारा उजेड, आणि सनस्क्रीन अडवतं अतिनील किरणांना. दवाखान्यातला दाताचा दिवा, ऑपरेशन थिएटरचा दिवा, एवढंच काय, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर एकाच जागी बराच वेळ राहिला तर त्यानंही भाजल्याची उदाहरणं आहेत. याचा अर्थ कोळशाच्या खाणीत बसायचं असाही नाही. घरातला सौम्य उजेड कातडीतलं औषध हळूहळू निकामी करतो, तो हवाच. नवतप्यात, मे अखेरच्या भाजणाऱ्या उन्हात, दुकानाचं शटर उघडून गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे किती जमेल, तुम्हीच सांगा. डॉक्सिसायक्लिन किंवा बीपीसाठीची काही लघवीची औषधं चालू असतील तर तीही कातडी उन्हाला हळवी करतात. ती यादी डॉक्टरांपासून लपवू नका.

काकूंच्या हळदीत तथ्य आहे, पण ते काकूंना वाटतं तिथे नाही. हळदीतलं कर्क्युमिन निळ्या उजेडात खरंच असं वागतं आणि प्रयोगशाळेत त्यानं जंतू आणि पेशी मारलेल्या आहेत. पण निळा उजेड एक मिलिमीटरही आत जात नाही हे वर आलंच, आणि खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात अगदी नगण्य उतरतं. वायगावची कितीही अस्सल हळद लावून टॉर्च मारला तरी गाल पिवळा होईल, बाकी काही नाही. भाजीत घाला, चट्ट्यावर चोळू नका, नाहीतर रंगामुळे डॉक्टरांना कडा दिसायच्या नाहीत. 'ताकद' म्हणून विटामिन सी आणि ई च्या मोठ्या गोळ्याही मनानं सुरू करू नका. पीडीटीत मारायचं काम करणारा तो खवळलेला प्राणवायू शांत करणं हाच त्या गोळ्यांचा गुण आहे.

दाताच्या दवाखान्यात किंवा ऑनलाइन मिळणारा 'लाल दिव्याचा लेसर' म्हणजे पीडीटी नव्हे. रेडिएशन-केमोत तोंड येऊ नये म्हणून सौम्य लाल उजेड देतात, तो चांगला, मान्य उपचार आहे, पण त्यात औषध नसतं आणि त्यानं कॅन्सर मरत नाही. कोणी 'गॅरंटीनं, बिना ऑपरेशन' म्हणत पैसे आगाऊ मागत असेल, तर उठून या. खरी चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, मोफत शोधता येते, नोंदणी क्रमांक मागता येतो, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

बाबांना खरी भीती चेहरा बिघडण्याची आहे, कॅन्सरबद्दल ते बोलतच नाहीत, हे तुमच्या पत्रातून जाणवलं. त्यामुळे आकड्यांइतकंच याला उत्तर द्या. गालाची लहान गाठ अनेकदा तोंडातूनच काढतात आणि जखम गालातल्याच चरबीनं किंवा कातडीच्या तुकड्यानं झाकतात. मानेवरची चीर घडीत घेतात. बाबांचं तोंड कमी उघडतं म्हणून त्यांच्या बाबतीत वाट वेगळी असू शकेल, आणि म्हणूनच सर्जनना सांगा की पेन घ्या आणि बाबांच्या गालावर, मानेवर रेघ काढून दाखवा, आरशासमोर. मी कितीतरी अडून बसलेले पेशंट त्या रेघेनंतर नरम पडलेले पाहिले आहेत. आपल्या मनात ते अख्खा जबडा गेलेला पाहत असतात.

दुसरं मत हवं असेल तर आठवड्याच्या आत घ्या. नागपुरात त्यासाठी लांब जायला नको: तुकडोजी चौकाजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमधलं एम्स आहे. तोंड उघडण्यासाठीचे व्यायाम शासकीय दंत महाविद्यालयात शिकवतात, ते आजपासून सुरू करता येतील. खर्रा आजच बंद, 'ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत' ही सवलत देऊ नका. हिमोग्लोबिन कमी तर नाही ना, हे आत्ताच तपासून घ्या.

पुढच्या भेटीला बाबांना सोबत न्या, त्यांच्या पाठीमागे काही ठरवू नका. आतेभावाला फोनवर घ्या, त्यालाही पीडीटीबद्दल विचारू द्या. एमआरआयची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड्स मागून घ्या, नुसता कागदाचा रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना पुरत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रेशन कार्ड आणि आधारवरचं बाबांचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघून ठेवा, दुरुस्तीला वेळ जातो.